वडगावचा भोंगा, हिंजवडीचा फोन

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचं, उसाच्या पट्ट्यातलं गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा झाला की सगळं पुन्हा सुरू. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावाने हे ठरवलं. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार फिरून लोकांना समजावत होते. बातमी देशभर पोचली आणि गाव तंत्रज्ञानावर रुसलं आहे, अशी बऱ्याच जणांची समजूत झाली. नवा फोन आला की त्यातली चिप कुठली, सेन्सर केवढा, अपडेट किती वर्षं मिळणार हे आधी बघणाऱ्या माझ्यासारख्यांनी तर या प्रकाराला नाक मुरडावं अशीच अपेक्षा असते. मला मात्र हा भोंगा हेच एक उत्तम तंत्रज्ञान वाटतं. स्क्रीनच्या वेळेला आवर घालायचे जे उपाय मोठमोठ्या कंपन्यांनी काढले, त्यांच्यापेक्षा त्याची रचना सरस आहे. आणि त्याची सगळ्यात जास्त गरज कडेगावपेक्षा पुण्याच्या आयटी पट्ट्यातल्या हिंजवडीला आहे.

आधी कंपन्यांचे उपाय पाहू. २०१८ मध्ये गूगलने ‘डिजिटल वेलबीइंग’ आणलं, त्याच वर्षी ॲपलने ‘स्क्रीन टाइम’. कल्पना अशी की एखादं ॲप दिवसाला किती मिनिटं वापरायचं ते आपणच ठरवायचं. आयफोनवर ती मिनिटं संपली की वाळूच्या घड्याळाचं चित्र येतं, आणि त्याच पडद्यावर मर्यादेकडे दुर्लक्ष करायचं बटण असतं. ते दाबलं की तीन वाटा: आणखी एक मिनिट, पंधरा मिनिटांनी आठवण, किंवा आजच्यापुरती मर्यादाच नको. दाराला कुलूप लावून किल्ली कुलपालाच लटकवून ठेवावी तशी ही सोय. यात अभियंत्यांचा आळस नाही. माणूस एकटा आहे आणि निर्धार त्याने एकट्याने पाळायचा आहे, हे गृहीत धरल्यावर याहून वेगळं काही बनतच नाही. समोरच्या बाजूला मात्र कोणी एकटं नसतं. खाली सरकत राहिलं तरी न संपणारं पान ॲझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केलं आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. ते पान, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ आणि लाल ठिपक्यातला आकडा यांतल्या प्रत्येकामागे एकेका सेकंदाचा हिशेब ठेवणारी माणसं पगारावर बसलेली आहेत. भारतात तर हा सामना अधिकच विषम झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा मातीमोल झाला. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, आठवडा-दहा दिवसांत इन्स्टाग्रामने इथे रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची जगातली पहिली चाचणी भारतातच सुरू केली. अशा यंत्रणेपुढे एकट्याचा टायमर टिकेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

का टिकत नाही, याचं उत्तर निर्धाराच्या कमतरतेत शोधायची आपल्याला सवय आहे. शिकागो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ लिओनार्डो बर्स्टीन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एक वेगळं उत्तर पुढे आणलं. त्यांनी अमेरिकेतल्या हजारावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं: बाकी सगळे वापरत असताना तू एकट्याने चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायचं असेल तर किती पैसे घेशील? सरासरी उत्तर आलं ५९ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी ४७. मग विचारलं, तुझ्यासकट सगळ्यांचंच बंद होणार असेल तर? आता तीच मुलं स्वतःच्या खिशातून पैसे द्यायला तयार झाली, टिकटॉकसाठी २८ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी १०. म्हणजे ती वस्तू त्यांना आवडते म्हणून ती वापरत नव्हती. बाकीचे वापरतात आणि आपण मागे पडू, म्हणून वापरत होती. एकट्याने सोडणं महाग, सगळ्यांनी मिळून सोडणं मात्र हवंहवंसं, असा हा सापळा आहे. वडगावचा भोंगा नेमका त्यावरच बोट ठेवतो. सात ते साडेआठ गावच्या ग्रुपवर कोणी काही टाकत नाही, त्यामुळे न पाहणाऱ्याचं काही चुकत नाही. वर्गातल्या दुसऱ्या मुलाने तेवढ्यात कुठला गेम पुढे नेलेला नसतो. शिवाय टीव्हीही बंद, आणि ही वेळ मराठी मालिकांची. पोरांना ‘मोबाइल ठेव’ म्हणणाऱ्या घरात मोठ्यांनाही काहीतरी सोडावं लागतं.

या शेवटच्या गोष्टीमुळे वडगाव इतर प्रयोगांपासून वेगळं ठरतं. २०२२ च्याच नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल वापरायला बंदीच केली. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा केला. मुलं आईबापांच्या नावाने शिरू लागली, खेळ संगणकावरून मोबाइलवर गेले, आणि २०२२ उजाडताना कायदा रद्द झाला. चीनने २०२१ मध्ये अठराच्या आतल्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच गेमचा तास ठेवला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांची समाजमाध्यमांवरची खातीच बंद केली. या सगळ्यांत रोगी ठरवलं गेलं ते पोर, आणि मोठ्यांचा अंगठा काचेवर सरकतच राहिला. जपानमधल्या तोयोआके शहराने ऑक्टोबर २०२५ पासून काम आणि शिक्षण सोडून दिवसाला दोन तासांची मर्यादा सुचवली. ती सर्व वयाच्या लोकांसाठी आहे आणि मोडली तर दंड नाही. वडगावच्या जवळ जाणारा प्रयोग हाच. पण तिथे दोन तास कधीचे, ते ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे पुन्हा माणूस एकटाच. वडगावने तासांऐवजी वेळ ठरवली, आणि माझ्या मते खरी हुशारी तिथे आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप गंभीर आहे: हा गावकीचा दबाव नाही का? शेजारच्या कुंडलला स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारचं केंद्र मानणाऱ्या या मुलुखाला गावाने एकत्र ठरवण्याची ताकद ठाऊक आहे, तशी त्यातली भीतीही ठाऊक असणार. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करण्याची वेळ महाराष्ट्रावर उगाच आली नाही. २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठात ठाकोर समाजाच्या पुढाऱ्यांनी अविवाहित मुलींच्या हातात मोबाइल नको असं ठरवलं, तोही ‘समाजाचा निर्णय’च होता. फरक ओळखायला दोन प्रश्न पुरतात: ठरवणारे स्वतः त्यात आहेत का, आणि न पाळणाऱ्याचं काय होतं? बनासकांठातला नियम पुढाऱ्यांना स्वतःला लागू नव्हता. वडगावात मोठ्यांचाही टीव्ही बंद होतो आणि भर आहे तो समजावण्यावर. उद्या तिथे कोणी दंडाची पावती फाडायला लागलं तर माझं मत बदलेल. दुसरा आक्षेप हलका आहे, की दीड तासाने काय होतं, साडेआठनंतर पोरं दुप्पट बघतील. बघू देत की. मुद्दा मिनिटं वाचवण्याचा नाही, हक्काची शांत वेळ मिळण्याचा आहे, आणि उरलेले साडेबावीस तास तंत्रज्ञान कोणी हिरावलेलं नाही. अभ्यासाला मोबाइल लागतो म्हणावं, तर रात्री नऊलाही तो धडा तिथेच असतो.

मला खरी ओढ आहे ती हा भोंगा आयटीत नेण्याची. भोंगा हा मुळात कारखान्याचा. गिरणगावात त्याच्यावर घरची घड्याळं चालत, आणि वडगावच्या भागात साखर कारखान्याचा भोंगा आजही लोकांच्या कानात आहे. तो कामावर बोलावायचा, पण पाळी संपल्याचंही तोच सांगायचा. आठवड्याची सुटीसुद्धा कुणा गिरणी कामगाराला एकट्याने मागून मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र केलं, मागणी वर्षानुवर्षं लावून धरली, तेव्हा १० जून १८९० ला मुंबईच्या गिरण्यांना रविवार मिळाला. आयटीत पाळी सुरू झाल्याचं पन्नास नोटिफिकेशन सांगतात, संपल्याचं एकही नाही. वर घड्याळाचा घोळ. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा झालेले असतात. म्हणजे वडगावात टीव्ही बंद झालेला असतो त्याच सुमारास हिंजवडीत, आणि घरून काम करणाऱ्याच्या गावच्या माडीवरही, क्लायंटचा कॉल सुरू होतो. अशात इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये सत्तर तासांचा आठवडा सुचवला, २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या प्रमुखांनी तो नव्वदवर नेला, आणि राज्य मंत्रिमंडळाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुकानं-आस्थापनांचा कामाचा दिवस नऊवरून दहा तासांवर न्यायला मंजुरी दिली.

यावर ठरलेलं उत्तर असतं की सर्व्हर झोपत नाहीत. खरं आहे, पण म्हणून सगळ्यांनी जागं राहावं असं त्यातून निघत नाही. ऑन-कॉलची पाळी ही आयटीत रुळलेलीच पद्धत आहे. या आठवड्यात एकाचा फोन चालू, बाकीच्यांचा बंद. बहुतेक टीममध्ये तिकिटांना, म्हणजे तक्रारींच्या नोंदींना, पी-वन (सर्वांत तातडीचं) ते पी-फोर असे क्रम असतात, आणि रात्री उठवण्याचा अधिकार कागदोपत्री साधारणपणे फक्त पी-वनला असतो. प्रत्यक्षात मॅनेजरचा ‘जरा बघतोस का’ हा व्हॉट्सॲप मेसेज कुठल्याच क्रमात बसत नाही आणि सगळ्यांत आधी वाजतो. एकाने उत्तर दिलं की दुसऱ्याचं गप्प राहणं उठून दिसतं. बर्स्टीनच्या विद्यार्थ्यांचा सापळाच हा, फक्त इथे डॉलरऐवजी अप्रेझल आहे. म्हणूनच ‘ज्याला नको त्याने फोन बंद ठेवावा’ हा सल्ला कुचकामी आहे. फोक्सवॅगनने २०११ मध्ये जर्मनीतल्या कामगार समितीशी करार केला आणि पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने काही कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर मेल पाठवणं सर्व्हरवरूनच थांबवलं. हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये आठवड्यातली एक संध्याकाळ प्रत्येकाला सक्तीने मोकळी ठेवायला लावली. ती मिळावी म्हणून टीमला कामाची वाटणी आधी बोलून घ्यावी लागली, आणि काम बिघडण्याऐवजी सुधारलं. दोन्हीकडे बंद करण्याचा भार एकट्यावर टाकला नाही, हे महत्त्वाचं.

कायद्याची वाट बघत बसण्यात फारसा अर्थ नाही. फ्रान्सने २०१७ पासून, ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून कामानंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क मान्य केला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत विधेयक मांडलं. पण ते खासगी विधेयक, आणि १९७० नंतर असं एकही विधेयक संसदेत मंजूर झालेलं नाही. तोवर कंपनीला स्वतः करता येण्यासारखं बरंच आहे. आऊटलुकमध्ये मेल उशिरा पाठवायची सोय कित्येक वर्षांपासून आहे. ती रात्री आठनंतर सगळ्यांनी, मॅनेजरसकट, वापरायची असा नियम कंपनीला करता येतो. क्लायंटशी करार करताना उत्तराची मुदत तिकिटाच्या क्रमानुसार लिहिलेली असतेच. पी-टूच्या पुढे ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ एवढं लिहायला कुठलंही नवं सॉफ्टवेअर लागत नाही, फक्त करारावर सही करणाऱ्याला स्वतःचाही फोन ठेवावा लागतो.