हायाबुसा नको, आधी गिअरबॉक्स बोला!

कॅन्टीनमध्ये ‘स्वतः बांधलेली स्पोर्ट्‌स कार’ हा विषय निघाला, की चहा निवायच्या आत कोणीतरी तिच्यात हायाबुसाचं इंजिन बसवून मोकळा होतो. १२९९ सीसी, १७० हून जास्त हॉर्सपॉवर... बास, संपला विषय! मला हे अजिबात पटत नाही.

घरच्या गॅरेजमध्ये गाडी बांधायचा हा नाद मूळचा इंग्लंडातला. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ साली आली, ती सुट्या भागांतही मिळायची. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत तशी गाडी कशी बांधावी याचं पुस्तकच काढलं. सामान कुठलं? तर भंगारातल्या जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं. कारण एस्कॉर्टचं इंजिन लांबीत बसतं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग प्रॉपेलर शाफ्ट आणि मागची चाकं. म्हणजे इंजिनाबरोबर सगळी वरात आयती मिळते. तिचं १६०० सीसीचं क्रॉसफ्लो इंजिन जेमतेम ८५ हॉर्सपॉवरचं. दोन लिटरचं पिंटो सुमारे १०० देतं, पण ते उंच आणि जड. संप कापा, नाहीतर बॉनेटला टेंगूळ आणा. पाचशे-साडेपाचशे किलोच्या गाडीला मी तरी क्रॉसफ्लोच घेईन.

टोयोटाचं फोर-ए-जीई तर अजून मजेशीर. हेच १५८७ सीसीचं इंजिन एका कोरोलात आडवं बसून पुढची चाकं फिरवतं, एई८६ मध्ये लांबीत बसून मागची, आणि एमआर-टू मध्ये सीटच्या मागे जाऊन बसतं. इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून उड्या मारायच्या, आणि लांबीत बसणारा गिअरबॉक्सच नाही मिळाला तर? ते धूड काय शोकेसमध्ये ठेवायचं?

आता हायाबुसा. बाइक वळणावर झुकते, त्यामुळे तेल संपच्या तळाशीच राहतं. कार झुकत नाही. १ जी ने वळण घेतलं तर तेलाची पातळी सरळ ४५ अंशांनी कलते, पंप हवा ओढतो आणि बिग-एंड बेअरिंगचा निकाल लागतो. म्हणून बॅफल लावा, नाहीतर ड्राय संप करा, म्हणजे पुन्हा खर्च. शिवाय बाइकच्या क्लचवर दुप्पट वजन, आणि रिव्हर्स गिअर नाहीच. पार्किंगमधून गाडी ढकलत काढायची! (मित्र असले तर.) ट्रॅकवर ती भन्नाट पळेल, नाही कशाला म्हणू? पण पहिली गाडी बांधताना हे सगळं अंगावर घेणारे बहुतेक गॅरेजात अर्धवट सांगाडाच जपत बसतील.

आपल्याकडे एस्कॉर्टच्या जागी मला मारुती ओम्नी दिसते. २०१९ मध्ये ती बंद झाली, पण तिचं ७९६ सीसीचं इंजिन लांबीत बसलेलं आहे आणि मागची चाकं फिरवतं. हॉर्सपॉवर ३५ च्या आसपास, हसा खुशाल! आरटीओचा प्रश्न वेगळा. कॅम्पसच्या वर्कशॉपमध्ये शिकायला मात्र तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच गाडीतून निघतात, आणि स्पेअर पार्ट मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघत बसत नाही.