केर काढणारे यंत्र आणि अंधांचे स्वावलंबन

घरातील केर काढणारा यंत्रमानव ही आता केवळ महानगरांतील चैन उरलेली नाही. ऑनलाइन खरेदीमुळे हे थाळीच्या आकाराचे यंत्र शिरोळ तालुक्यातील जयसिंगपूरसारख्या बाजारपेठेच्या गावातही घरपोच मिळू शकते. डोळस माणसाच्या दृष्टीने ते वेळ वाचवणारे उपकरण आहे. अंध व्यक्तीच्या घरात मात्र त्याचे मोल निराळे आहे, आणि ते कोणाच्या भरवशावर टिकणार, हा प्रश्नही अधिक गंभीर आहे.

अंध व्यक्तीला केर काढता येत नाही, हा समज चुकीचा आहे. भिंतीला धरून सरळ पट्ट्यांत झाडत जाणे, फरशीवरील कचकच अनवाणी तळव्याने जोखणे, या पद्धतीने अनेक जण वर्षानुवर्षे घर स्वच्छ ठेवत आले आहेत. अडते ते खात्रीपाशी. पलंगाखाली काही राहिले का, हे दुसऱ्याला विचारावे लागते. उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामातील काजळी घरात येते तेव्हा तर हे विचारणे रोजचेच होते. बरी यंत्रे लेसरच्या साह्याने घराचा नकाशा तयार करतात आणि समांतर पट्ट्यांत फिरून पोहोचता येईल ती जागा सहसा सोडत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेल्या जयसिंगपूरचे रस्ते काटकोनात छेदणारे आहेत आणि गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. आखणी नेमकी असली की डोळ्यांवाचूनही वाट सापडते. यंत्राची शिस्त अंध माणसाला उपयोगी पडते ती याच कारणाने.

अडचणी नाहीत असे नव्हे. उंच उंबरठा या यंत्राला ओलांडता येत नाही आणि जमिनीवरील वायरीत ते अडकते. चालू असताना आवाजावरून त्याचा ठाव लागतो. पण मध्येच बंद पडले, तर तेच पायात येणारी वस्तू ठरते. अशा वेळी फोनवरून आज्ञा देऊन त्याला आवाज करायला लावण्याची सोय मोलाची असते. काही यंत्रे बिघाड बोलून सांगतात, तर काही केवळ लाल दिवा लावतात. ज्याला दिवा दिसत नाही, त्याने काय समजावे?

खरी मेख फोनवरील अ‍ॅपमध्ये आहे. अँड्रॉइडवरील 'टॉकबॅक' किंवा आयफोनवरील 'व्हॉइसओव्हर' पडद्यावरील मजकूर वाचून दाखवतात. परंतु अ‍ॅप बनवणाऱ्याने बटणाला नावच दिले नसेल, तर ऐकू येते ते केवळ 'बटण, बटण'. देव्हाऱ्यापुढील रांगोळीजवळ यंत्राने जाऊ नये, अशी मनाई करायची तर नकाशाच्या चित्रावर बोटाने चौकट ओढावी लागते. अंध व्यक्तीला हे जवळजवळ अशक्यच. खोल्यांची साधी यादी दिली, तर हेच काम सुकर होते.

त्यात परावलंबनाची आणखी एक तऱ्हा वाढली आहे. 'नीटो' ही अमेरिकी कंपनी २०२३ मध्ये बंद करण्यात आली. तिची मालक असलेल्या जर्मन कंपनीने इंटरनेटवरील सेवा पाच वर्षे चालू ठेवण्याचे आश्वासन दिले होते; ती २०२५ मध्येच थांबवण्याचे जाहीर झाले आणि ग्राहकांच्या हाती उरले ते यंत्रावरील बटण. २००२ मध्ये 'रूम्बा' बाजारात आणणाऱ्या 'आयरोबोट'ने डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या कार्यवाहीसाठी अर्ज केला. सेवा चालू राहील, असे तिने सांगितले आहे. डोळस ग्राहकाची सेवा बंद पडली, तर त्याची गैरसोय होते. अंध ग्राहकाचे मात्र यंत्र हुडकण्याचे आणि त्याची स्थिती जाणण्याचे साधनच जाते.

कायदा याबाबत काय सांगतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४३ नुसार, सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंचा विकास, उत्पादन आणि वितरण यांना चालना देणे हे सरकारचे काम आहे. मात्र 'चालना' या शब्दात सक्ती नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असू शकत नाहीत, असे सांगून तीन महिन्यांत बंधनकारक नियम ठरवण्याचा आदेश केंद्राला दिला. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला गेला. या तत्त्वाची पुढची पायरी घरातील वस्तूंपर्यंत यायला हवी.

मोलकरीण मिळत असताना यंत्राचा हट्ट कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. मोलकरणीच्या कामाचा मान राखूनही असे म्हणता येईल, की आपल्या घराचा केर आपण ठरवू तेव्हा काढला जावा, ही इच्छा अवाजवी नाही. किमतीचा प्रश्न मात्र खरा आहे. महाराष्ट्रात निराधार योजनेतील दिव्यांगांचे मासिक साह्य २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. बऱ्यापैकी यंत्राला याच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागते. म्हणूनच आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेली वस्तू वापरताच येत नाही असे ठरले, तर तो तोटा मोठा असतो.

उपाय अवघड नाही. फ्रिजवर विजेच्या बचतीचे तारे असतात, तशी सुगम्यतेची खूण अ‍ॅपवर चालणाऱ्या उपकरणांवर सक्तीची करावी. बोटाला जाणवणारी बटणे, नावे दिलेले अ‍ॅप, बोलून सांगितलेला बिघाड आणि इंटरनेटवाचूनही चालणारी मूळ कामे, एवढ्या चार अटी पुरेत. त्या मराठीतही पाळल्या गेल्या, तर जयसिंगपुरातील अंध ग्राहकाला खरेदीपूर्वी दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागणार नाहीत.