तिसरा साक्षीदार

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, असा एक संकेत आहे. चकली खुसखुशीत असावी, लेखही तसाच असावा, आणि दोन्ही संपल्यावर माणसाला दुपारची झोप यावी, अशी संपादकांची, वाचकांची आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची अपेक्षा असते. मी आज तो संकेत मोडणार आहे. वाचकांनी मला क्षमा करावी किंवा करू नये; लेख मात्र शेवटपर्यंत वाचावा.

भांडणाचे कारण आहे एक एकांकिका. ती अजून झालेलीही नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातले गोरेगाव हे माझे गाव. मी इथे मास्तरकी केली आणि इथेच म्हातारा झालो. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता महाविद्यालयात शिकते. तिला नाटकाचे वेड आहे. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात दोनदा छोटी कामे केल्यावर यंदा तिने स्वतःच एक एकांकिका बसवायला घेतली. लेखन तिचे, दिग्दर्शनही तिचेच. पहिला प्रयोग दिवाळीच्या सुट्टीत गावातच करायचा, असा तिचा हट्ट.

विषय प्रेमविवाहाचा. मुलगा गावातला, मुलगी नाल्यापलीकडच्या तांड्यावरची. त्याच्या घरात मराठी, तिच्या घरात गोरबोली. त्याच्याकडे देवघर निराळे, तिच्याकडे सेवालाल महाराजांचा झेंडा. त्याच्या बहिणीची मंगळागौर, तर हिची श्रावणातली तीज. दोघे शिकतात, भेटतात, लग्न करतात. इथवर नवे काही नाही. नवे आहे ते हे, की पोरीचे नाटक लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. पडदा वर जातो तो स्वयंपाकघरात. सासू आहे, सून आहे, चूल पेटलेली आहे आणि दोघींना एकमेकींशी काय बोलावे ते सुचत नाही.

गावात ही बातमी फुटली आणि चार प्रतिष्ठित मंडळी माझ्या ओसरीवर आली. "गुरुजी, पोरगी तुमचं ऐकते. तिला म्हणावं, नाटक करायचं तर कर, पण शेवट बदल."

"काय बदलू सांगू?" मी विचारले.

त्यावर त्यांचेच एकमत होईना. एकाचे म्हणणे, मुलीने शेवटी पश्चात्ताप करून माहेरी जावे. दुसऱ्याचे म्हणणे, दोघांनी विहिरीत उडी घ्यावी, म्हणजे लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. तिसरे गृहस्थ अधिक व्यवहारी होते. ते म्हणाले, "मुलगी तांड्यावरची कशाला? ती विलायतेची दाखवा. कुणाला राग यायचा नाही."

हे तिसरे गृहस्थ मला फार आवडले. आमच्या समाजाचे सगळे मर्म त्यांनी एका वाक्यात सांगितले.

लक्ष्मण देशपांडे आमच्या मराठवाड्याचे. तेव्हाच्या औरंगाबादेत, मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. १९७९ साली त्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग सुरू केला. पात्रे बावन्न आणि नट एक! मराठवाड्यातल्या खेड्यातले वऱ्हाड गोऱ्या मुलीशी लागणाऱ्या लग्नाला विमानाने लंडनला जाते, एवढीच गोष्ट; पण आमची बोली त्यांनी अशी काही खेळवली की साऱ्या महाराष्ट्राने हसून हसून पोट धरले. २००९ साली ते गेले, तरी त्या वऱ्हाडाचे नाव निघाले की आजही माणसे हसू लागतात. मीही ते पाहिले आहे. माझ्या शेजारी बसलेले आमच्या गावचे एक करडे पाटील हसताना डोळे पुसत होते.

पण एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही, ती आता येते. आम्ही इतके मनमोकळे हसलो, कारण लंडन लांब होते. ती गोरी सून आमच्या कुणाच्या चुलीपाशी येऊन बसणार नव्हती. दोष देशपांड्यांचा नव्हे. त्यांनी आमचा भाबडेपणा, आमचा डामडौल, आमची माया, सगळे आरशात दाखवले. दोष आम्हा प्रेक्षकांचा. सातासमुद्रापलीकडच्या सुनेला टाळ्या देणारा हाच प्रेक्षक नाल्यापलीकडच्या सुनेला पाण्याचा तांब्या देताना अडखळतो. पोरगीने हेच माझ्या तोंडावर फेकले. म्हणाली, "सर, वऱ्हाड लंडनला गेलेलं चालतं, अन् नाल्यापल्याड गेलेलं चालत नाही, असं कसं हो?"

मला उत्तर देता आले नाही. ज्यांना देता येते असे वाटते, त्यांची उत्तरे मी इथे एकेक करून तपासतो.

पहिले उत्तर असे, की हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. ठीक. आपली संस्कृती म्हणजे कोणती? एकनाथमहाराजांचे 'रुक्मिणी स्वयंवर' ना? लग्न जुळावे म्हणून उपवर मुलींना ते वाचायला बसवण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. वाचणाऱ्या मुलीला त्यात काय दिसते? एक मुलगी भावाने ठरवलेला नवरा नाकारते, आपल्या मनातल्या पुरुषाला स्वतः पत्र धाडते, आणि ऐन लग्नाच्या वेळी त्याच्या रथात बसून निघून जाते. ती विदर्भाची, तो द्वारकेचा. आमच्या तालुक्याला लागूनच विदर्भ सुरू होतो; म्हणजे रुक्मिणी आमची शेजारीणच. तिची पोथी मुलीच्या हातात द्यायची आणि त्या पोथीतली गोष्ट मुलीने मनावर घेतली की कपाळाला हात लावायचा, हा कुठला न्याय?

मराठी रंगभूमीचे तर सारे मूळच या गोष्टीत आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. राजवाड्यातला राजा आणि आश्रमातली मुलगी, दोघांचे जग वेगळे, रीत वेगळी. लग्न झाले आणि भर दरबारात नवऱ्याने बायकोला ओळखले नाही. १८८२ साली त्यांचे 'सौभद्र' आले. थोरल्या भावाने ठरवलेले लग्न मोडून सुभद्रा अर्जुनाबरोबर जाते, आणि धाकटा भाऊ, साक्षात श्रीकृष्ण, या कारस्थानाचा सूत्रधार! त्या नाटकाची पदे आमच्या आजोबांनी गुणगुणली, वडिलांनी गुणगुणली. पळून जाण्याला शंभर वर्षांहून अधिक काळ ज्यांनी 'वन्स मोअर' दिला, त्यांनी आता संस्कृतीचा सोटा उगारू नये.

दुसरे उत्तर असे, की नाटक पाहून मुली बिघडतात. देवलांचे 'शारदा' १८९९ साली आले. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाशी कोवळ्या शारदेचे लग्न ठरते, ही त्याची कथा. ते पाहून किती मुली बिघडल्या? बिघडला असेल तो म्हाताऱ्या वरांचा बाजारभाव. मात्र एक गंमत पाहा. त्या नाटकातले लग्न मोडते ते वराच्या वयामुळे नव्हे. वधूवरांचे गोत्र एकच निघते म्हणून! एवढ्या धाडसी लेखकालाही मुलीची सुटका करताना रूढीचीच किल्ली वापरावी लागली. म्हाताऱ्याशी लग्न हा अन्याय आहे, एवढे कारण प्रेक्षकांना पुरले नसते. प्रेक्षकाला पटेल असा शेवट नाटककाराकडून मागणारी माझ्या ओसरीवरची मंडळी काही पहिली नव्हेत.

शेवट बदलण्याच्या मागणीवरून आणखी एक प्रसंग आठवतो. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावले. बाबासाहेबांनी भाषण लिहून पाठवले. मंडळींना त्यातला काही भाग झेपेना. तो गाळावा, असा निरोप आला. बाबासाहेबांनी नकार दिला, परिषद बारगळली, आणि न झालेले ते भाषण त्यांनी स्वतः छापले. जातिभेदावरचा खरा उपाय म्हणजे मिश्रविवाह, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. त्याआधी, १९१९ साली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी अशा विवाहांना कायद्याचा आधार दिला होता. या दोघांच्या तसबिरी आमच्या प्रत्येक सभेत हार घालून मांडलेल्या असतात. हार घालायला आम्ही केव्हाही तयार. त्यांचे म्हणणे घरात घ्यायची वेळ आली की शेवट बदला!

तिसरे उत्तर सर्वांत धूर्त. "आमचा विरोध नाही हो, पण पुढे निभत नाही." म्हणून दुःखान्त करा, म्हणजे तरुणांना धडा मिळेल. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा शेवटच्या दृश्याने सारे चित्रपटगृह सुन्न झाले. तो चित्रपट जळजळीत खरा होता, म्हणूनच सुन्न झाले. पण त्या रक्तातून धडा कुणी घ्यायचा? मारणाऱ्यांनी, की मेलेल्यांनी? आमच्या गावातले काही शहाणे तो पाहून आले आणि आपल्या मुलींना म्हणाले, "पाहिलंस ना?" मी म्हणतो, "तुम्ही पाहिलंत ना?"

आणि निभत नाही म्हणता, तर ते का निभत नाही याचे तरी नाटक होऊ द्या! विजय तेंडुलकरांनी १९८३ साली 'कन्यादान' लिहून तो प्रश्न विचारला. समाजवादी ब्राह्मण घरातली मुलगी दलित कवीशी लग्न करते. बापाची तत्त्वे जिंकतात आणि मुलगी मार खाते. या नाटकाने दलित तरुणावर अन्याय केला, असा आक्षेप अनेकांनी घेतला, आणि तो मला पुष्कळसा पटतो. तेंडुलकरांना १९९३ सालचा सरस्वती सन्मान मिळाला तो याच नाटकासाठी, आणि याच नाटकापायी आपल्यावर एकदा चप्पल फेकली गेली होती, हेही त्यांनीच सांगितले. तरीही त्यांनी एक गोष्ट केली, जी फार थोड्यांनी केली. अक्षता पडल्यानंतरचे घर त्यांनी दाखवले. माझी विद्यार्थिनी तेच करते आहे, पण दुसऱ्या बाजूने. तिच्या नाटकात कुणी राक्षस नाही आणि कुणी संत नाही. एक साधी सासू आहे, जिला नव्या मुलीची भाषा कळत नाही.

आपल्याकडे लग्नात 'नांदा' असा आशीर्वाद देतात. फार सुंदर शब्द आहे. लग्न अर्ध्या तासात लागते, नांदणे जन्मभराचे असते. आमच्या जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेवमहाराज. त्यांची वाणी पंजाबात गेली आणि तिथे नांदली. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. परक्या मुलखात आपला शब्द नांदला याचा आम्हाला केवढा अभिमान! मग परक्या घरची मुलगी आपल्याकडे नांदली तर तो अभिमान कुठे जातो? आणि ती नांदत नसेल, तर तिच्यात खोट शोधण्याआधी घराने काय केले, हे विचारायला नको का?

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे सारे बोलण्याचा मला अधिकार नाही.

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. त्याच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी रात्रीचा घरी आला. त्याला परधर्मातल्या मुलीशी लग्न करायचे होते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस द्यावी लागते, ती लावली जाते, हरकतीसाठी तीस दिवस थांबावे लागते, आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार सह्या करतात. नोटिशीचे दिवस त्या दोघांनी जीव मुठीत धरून काढले होते. दोन साक्षीदार मिळाले होते. तो म्हणाला, "सर, तिसरे तुम्ही या."

मी वर्गात साने गुरुजी शिकवत होतो. मी त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "बाळ, माझा आशीर्वाद आहे. पण गावात नोकरी करायची आहे मला." तो काही बोलला नाही. वाकून नमस्कार करून गेला. पुढे तिसरा साक्षीदार त्याला मिळाला, लग्न झाले, दोघे दूरच्या शहरात नांदताहेत. मला त्याचे पत्र कधी आले नाही. का यावे?

आशीर्वाद फुकट असतो. सही करायला हात उचलावा लागतो. आमच्या पिढीने आशीर्वाद पुष्कळ दिले.

म्हणून त्या चौघांना मी सांगितले, की शेवट बदलणार नाही. शेवट काय आहे तेही सांगितले. तळताना सुनेचा हात भाजतो. ती कळवळून "याडी!" म्हणते. गोरबोलीत याडी म्हणजे आई. सासूला शब्द कळत नाही. पण हातातले सारे टाकून ती धावते. पडदा.

"एवढंच?" एकाने विचारले.

एवढेच. पण एवढ्यासाठीही सुनेचे काम करणाऱ्या मुलीला तिच्या वडिलांनी परवा तालमीतून नेले. आता ते काम दिग्दर्शिका स्वतः करणार आहे. तालीम माझ्या ओसरीवर चालते. वही धरून मी प्रॉम्प्टिंग करतो, आणि 'याडी' या शब्दाला रोज अडखळतो.

भाऊबीजेच्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात प्रयोग आहे. गावाने यावे. आवडले नाही तर भांडावे, मी उत्तर द्यायला बसलेला आहे. आणि तुमच्या गावातही कुणी पोर असे नाटक घेऊन ओसरीवर येईल, किंवा नाटक नव्हे, खरेच लग्न घेऊन येईल. दोन साक्षीदार त्याने कसेबसे जमवलेले असतील. तेव्हा त्याला नुसता चहा पाजून परत पाठवू नका.