वेगाची हांव आणि मेमरीचा भरंवसा

घरचा संगणक एकाएकीं बंद पडूं लागला म्हणजे दोष कोणाच्या माथीं मारावयाचा, याचा आपल्याकडे एक ठरलेला क्रम दिसतो. प्रथम विंडोज वाईट ठरते. मग कोठून तरी व्हायरस शिरला असें अनुमान निघतें. त्यानंतर विजेच्या दाबावर बोट ठेवलें जातें. आणि अखेरीस यंत्र दुरुस्तीच्या दुकानांत नेऊन सर्व डिस्क पुसून घेतली जाते. त्यांत घरचीं छायाचित्रें जातात, मुलाचे निबंध जातात, दुकानदाराचे पैसे भरावे लागतात, आणि आठ दिवसांनीं यंत्र पुनः पूर्वीप्रमाणेंच बंद पडूं लागतें. या सर्व खटाटोपांत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं: या यंत्राची मेमरी कोणत्या वेगानें चालत आहे, आणि तो वेग तिला कोणीं नेमून दिला?

आमचें मत असें आहे कीं, हा प्रश्न सर्वांत आधीं विचारला पाहिजे. आणि ज्या यंत्रावर एकाहून अधिक माणसांचें काम अवलंबून आहे, त्याच्या मेमरीचा वेग नेमल्या मर्यादेबाहेर नेण्याचा अधिकार कोणासहि नसावा. हें मत आमच्या कांहीं उत्साही विद्यार्थ्यांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

संगणकाची ही मेमरी म्हणजे लोखंडी तिजोरी नव्हे. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांस 1968 सालीं जिचें पेटंट मिळालें, त्या रचनेंत एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर मिळून माहितीचें एक घर होतें. कपॅसिटरांत विद्युद्भार असला तर 1, नसला तर 0. हा भार गळक्या घागरींतील पाण्याप्रमाणें सतत झिरपत असतो; म्हणून डीडीआर-4 जातीच्या मेमरींत प्रत्येक घर साधारणतः 64 मिलिसेकंदांच्या आंत एकदां तरी वाचून पुनः भरावें लागतें. उष्णता वाढली कीं गळतीहि वाढते, आणि 85 अंशांच्या वर हीच भरणी दुप्पट वेळां करावी लागते. असल्या नाजूक व्यवहारांत वाचणें, लिहिणें, भरणें या प्रत्येक क्रियेस कांहीं किमान अवधि द्यावा लागतो. वेग वाढविणें म्हणजे तो अवधि कमी करणें. घागर पुरती भरण्यापूर्वींच ती नळाखालून ओढून घेतली, तर पुढच्या माणसास ती भरलेली वाटेल कीं रिकामी, हें कोणी सांगावें?

जेडेक नांवाची जी मंडळी 1958 पासून या धंद्याचीं मानें ठरवीत आली आहे, तिनें डीडीआर-4 करितां 1.2 व्होल्ट दाब व अधिकांत अधिक 3200 हा वेग नेमून दिला. परंतु बाजारांत 3600 असा आंकडा छापलेल्या रॅमच्या पट्ट्याहि मिळतात. अशी पट्टी घरीं आणून बसविली कीं ती प्रथम 2133, 2400 किंवा 2666 अशा सौम्य वेगानेंच चालूं लागते. तिच्या अंगावरील एका लहानशा चिपमध्यें मान्य वेगांचें एक कोष्टक असतें आणि कारखानदारानें आपल्या जबाबदारीवर लिहिलेलें दुसरें एक कोष्टक असतें. या दुसऱ्यास इंटेलच्या पद्धतींत 2007 पासून एक्सएमपी म्हणतात. एएमडीनें 2022 सालीं आपलें एक्स्पो काढलें. बायोसमध्यें जाऊन ही एक कळ फिरविली कीं वेग वाढतो, आणि डीडीआर-4 च्या बाबतींत दाबहि बहुधा 1.35 व्होल्टवर जातो.

येथें विद्यार्थी म्हणेल, “हा आंकडा तर कंपनीनेंच पेटीवर छापला आहे, मग त्यांत धोका कसला?” आक्षेप रास्त आहे. पण तो आंकडा पट्टीपुरता आहे. पट्टीशीं बोलणारा नियंत्रक आतां प्रोसेसरच्या पोटांत असतो (एएमडीनें तो 2003 सालीं घरगुती यंत्रांत आणला, इंटेलनें 2008 सालीं) आणि पट्टी विकणाऱ्यानें तुमचा प्रोसेसर कधीं पाहिलेलाहि नसतो. एएमडीच्या रायझेन 7000 या मालिकेस दोन पट्ट्या असतां 5200 हा वेग मान्य आहे. तेथेंच चार पट्ट्या बसविल्या कीं मान्य वेग 3600 वर उतरतो. दोन बैलांच्या बेतानें आखलेली चाल चार बैल जुंपल्यावर तशीच राहील, अशी समजूत करून घेऊन पुष्कळ लोक पुढें दोन पट्ट्या आणखी विकत घेतात आणि मग यंत्राच्या नांवानें खडे फोडतात.

शिवाय लाभ तरी केवढा? 3200 च्या पट्टीवर 16 व 3600 च्या पट्टीवर 18 असा विलंबाचा आंकडा असेल, तर गुणाकार-भागाकार करून पाहावा. दोहोंत पहिलें अक्षर हातीं येण्यास लागणारा हा विलंब अगदीं सारखाच, 10 नॅनोसेकंदांचा निघतो. एका वाहिनीतून दर सेकंदास जाणारी माहिती 25.6 गिगाबाइटवरून 28.8 वर जाते, हें खरें. कांहीं खेळांत व मोठ्या हिशेबांत त्याचा उपयोगहि होतो. परंतु निबंध लिहिणाऱ्यास, प्रयोगवहीचीं कोष्टकें भरणाऱ्यास किंवा कचेरींतील पावत्या करणाऱ्यास तो फरक कधीं जाणवणार नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. यंत्र बंद पडणें हा या दोषाचा सौम्य प्रकार आहे. निदान तो दिसतो तरी. भयंकर प्रकार तो, ज्यांत यंत्र मुळींच बंद पडत नाहीं. साध्या मजकुराच्या फाइलींत 3 हा आंकडा 00110011 असा व 7 हा आंकडा 00110111 असा ठेवलेला असतो. दोहोंत केवळ एका घराचा फरक! तें एक घर वेळेवर भरलें नाहीं किंवा भलतेंच भरलें, तर 35 गुणांचे 75 होतात, आणि 75 गुणांचे 35. पडदा निळा होत नाहीं, घंटा वाजत नाहीं. डिस्क ती चूक इमानानें जपून ठेवते, आणि आपण काळजीनें काढलेल्या दुसऱ्या प्रतींतहि तीच उतरते. मोठ्या सर्व्हरांत अशी एका घराची चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते. गूगलच्या सर्व्हरांविषयीं 2009 सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत वर्षाकाठीं सुमारें 8 टक्के पट्ट्यांत अशा दुरुस्त केलेल्या चुका आढळल्या. आपल्या घरच्या व शाळेच्या यंत्रांत बहुधा हा पहारेकरीच नसतो.

दोष नसलेल्यावर आळ येतो तो निराळाच. मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन यांनीं 2005 सालीं लिहिलें आहे कीं, विंडोज कोसळल्याचे कांहीं अहवाल तपासतांना त्यांचा गट चकित झाला. कारण एक रजिस्टर शून्य करण्याची अगदीं साधी आज्ञा पाळतांना यंत्र कोसळलेलें दिसत होतें, आणि असें होणें शक्यच नव्हतें. विचारपूस केली तेव्हां वेग वाढविलेलीं यंत्रें निघालीं. कित्येक मालकांस तर त्याचा गंधहि नव्हता. विकणाऱ्यानेंच तें परस्पर करून ठेवलें होतें. तेथें प्रश्न प्रोसेसरच्या वेगाचा होता, पण न्याय एकच. पुढें 2011 सालीं त्याच कंपनीच्या संशोधकांनीं सुमारें 10 लाख घरगुती संगणकांची माहिती तपासली, तेव्हां वेग वाढविलेलीं यंत्रें अधिक वेळां कोसळतात, आणि नेमल्याहून सावकाश चालविलेलीं कमी वेळां, असेंच दिसून आलें.

दोष मेमरीचा आहे हें ओळखावें कसें? दर वेळीं एकाच ड्रायव्हरचें नांव येत असेल, तर संशय त्या ड्रायव्हरवर धरावा. परंतु आज एक संदेश, उद्यां दुसरा, परवां तिसराच. संकुचित केलेली फाइल उघडतांना ती बिघडल्याची तक्रार. नवा प्रोग्रॅम बसवितांना मध्येंच अडखळणें. ब्राउझरचीं पानें आपोआप मिटणें. असें निमित्त रोज बदलूं लागलें कीं मेमरीकडे वळावें. प्रथम बायोसमध्यें जाऊन सर्व मांडणी मूळ पदावर आणावी. यंत्र बायोसपर्यंतहि पोहोंचत नसेल, तर वीज पूर्ण तोडून, मदरबोर्डच्या पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें, नाण्याएवढा सेल कांहीं मिनिटें काढून ठेवावा. मग चार दिवस नेहमींचें काम करावें. त्रास थांबला तर चोर बहुतेक सांपडला. न थांबला तर एकच पट्टी ठेवून पाहावें, मग दुसरी. मेमटेस्ट86+ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवावा. त्यांत एकच चूक निघाली म्हणून कोणी ती क्षम्य मानतात. आम्ही मानीत नाहीं. शंभर रुपये मोजून एक रुपया कमी देणारा कोषाध्यक्ष आपण ठेवून घेऊं काय? उलट, रात्रीच्या गारव्यांत चांचणी निर्दोष झाली म्हणून वैशाखांतील दुपारची हमी मिळत नाहीं. आपल्याकडे खोलींतच 40 अंश तपमान असतां पेटीच्या आंत काय होत असेल, हें मनांत आणून एक चांचणी दुपारींहि घ्यावी.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि ती वहींत लिहावी, हा प्रयोगशाळेंतील नियम येथें हटकून मोडला जातो. घाबऱ्या घाबऱ्या वेग, दाब आणि विलंब हीं तिन्ही एकदम बदलणारा मुलगा पुढें यंत्र सुधारलें तरी कशानें सुधारलें हें सांगूं शकत नाहीं. तसाच क्रमाचा प्रमाद. मेमरी स्थिर झाल्यावांचून विंडोज नव्यानें बसविणें किंवा तिच्या फाइली दुरुस्त करूं जाणें म्हणजे वाळूवरच्या घरास रंग देणें होय. नव्या फाइली त्याच गळक्या मेमरींतून डिस्कवर जाणार. आधीं मेमरी ठीक करावी. मगच विंडोजच्या फाइलींची व डिस्कची तपासणी करावी.

आम्ही जिज्ञासेचे शत्रू नाहीं. ज्यास स्वतःच्या यंत्रावर हा खेळ करावयाचा असेल, त्यानें खुशाल करावा. आपलें लिखाण दुसरीकडे सुरक्षित ठेवून आणि वही हातीं धरून केला, तर वीज, उष्णता आणि काल यांविषयीं तो जें शिकेल तें पाठ्यपुस्तकांत सहजासहजीं मिळणार नाहीं. पण बहिणीचा प्रकल्प, वडिलांचा हिशेब आणि शाळेचे गुणपत्रक ज्या यंत्रावर राहतात, तें त्याचें खेळणें नव्हे. विकणाऱ्यांसहि आमचें एक मागणें आहे: एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करून यंत्र दिलें असेल, तर तसें पावतीवर लिहून द्यावें. इतकी एक ओळ असती, तर कित्येक घरांची डिस्क पुसली गेली नसती.

शाळेच्या संगणक-कक्षापुरतें तर हें आजच करतां येईल. प्रत्येक यंत्राच्या बाजूस एक लहान कार्ड चिकटवावें; त्यावर पट्ट्यांची संख्या, नेमलेला वेग, चालू वेग आणि मागील चांचणीची तारीख असावी. चालू वेग पाहण्यास पेटी उघडावी लागत नाहीं; टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या पानावर मेमरीपुढें तो लिहिलेला असतो, आणि आठवीचा विद्यार्थीहि एका तासांत सर्व यंत्रांचीं कार्डें भरूं शकेल.