कॅमेरे बसले. मुलाजवळ कोण बसणार?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

बदलापूरच्या शाळेत लहानग्या मुलींवर झालेल्या अत्याचाराचं तुम्हाला सांगायला नको. 20 ऑगस्ट 2024 ला लोक रुळांवर उतरले, लोकल दिवसभर अडली आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या विभागाचा शासन निर्णय निघाला. सरकारी कागदाला इतकी चपळाई क्वचितच येते, त्याबद्दल अभिनंदन. त्यात हुकूम : महिनाभरात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, 2022 पासून कागदावर असलेली सखी सावित्री समिती, शिवाय मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रीकरण तपासायचं. कॅमेऱ्याला आमचा विरोध नाही. पण ज्या मुलावर काही गुदरलंय, ते दुसऱ्या दिवशी वर्गात येतं तेव्हा त्याच्याशेजारी बसायला आपण कोण दिलंत?

आमच्या दुसरीतल्या एका मुलाचं सांगते. पावसाळ्यात त्याची इमारत धोकादायक ठरली, रातोरात रिकामी केली, सामान वरच राहिलं. आता तो दिवसभर पाठीवरचं दप्तर उतरवत नाही. बाकाच्या अगदी कडेला बसतो. खिचडी खातानाही पट्टे खांद्यावर. बाहेर जेसीबी धडधडला की दाराकडे बघतो आणि दप्तराला कुणी हात लावला तर चावतो. त्याच्या नावापुढे शेरा आहे : ‘हट्टी. पालकांना समज द्यावी.’ पालक म्हणजे एकटी आई. पहाटे पाचच्या लोकलने जाते, रात्री येते. तिला कसली समज देणार?

अशी मुलं एकतर बाईंची ओढणी सोडत नाहीत, नाहीतर जवळ गेलं की ओरबाडतात. मोठ्या माणसांवरचा भरवसाच उडालेला असतो. हे काही आजचं ज्ञान नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी चोऱ्या करणाऱ्या 44 मुलांच्या स्वभावाचा आणि घरच्या नात्यांचा अभ्यास लंडनमध्ये प्रसिद्ध केला तो 1944 साली. भरवसा परत बसतो तो रोज दिसणाऱ्या, दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसामुळे. वर्षातून एकदा ‘ताणतणावमुक्ती’वर तासभर बोलून शाल-श्रीफळ घेऊन जाणाऱ्या पाहुण्यामुळे नव्हे.

कायदे तरी किती सांगू! शिक्षण हक्क कायदा, 2009 : प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर गेला की कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अंशकालीन शिक्षक. समुपदेशक त्या कायद्याच्या अनुसूचीत नाहीच. त्याच कायद्याचं कलम 17 : मुलाचा मानसिक छळ करायचा नाही. पॉक्सो, 2012, कलम 19 : गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं सक्तीचं, संस्थाप्रमुखाने दडवलं तर कलम 21 खाली वर्षापर्यंत कैद. पोलिसांत कळवून झाल्यावर त्या मुलाला वर्गात कसं सांभाळायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. आणि 25 जुलै 2025 : सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवाच, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. कायदा होईपर्यंत हेच बंधनकारक. सकाळी फळ्यावर लिहून दुपारी पुसायचा सुविचार नव्हे हा, मंत्रिमहोदय.

आमच्याकडे त्याचं पालन झालं ते असं : एका बाईंच्या नावापुढे ‘समुपदेशक’ एवढं लिहिलं गेलं. त्याच बाई मतदारयादीच्या कामाला बीएलओ, त्यांच्याकडेच पोषण आहाराच्या नोंदी आणि शाळेची यू-डायस माहिती भरणंही. भिंतीवर 1098 या बाल-मदतक्रमांकाचा फलक मात्र ठळक आहे. दुसरीतल्या पोराने फोन कुठून लावायचा, ते त्यावर लिहिलेलं नाही.

नवी समिती नको, नवं पोर्टल तर मुळीच नको. त्यात माहिती आम्हालाच भरावी लागते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या शंभर व त्याहून अधिक पटाच्या प्रत्येक शाळेत पूर्णवेळ, पगारी समुपदेशक कोण आहे, याची शाळानिहाय यादी जाहीर करा, पालिकेच्या आणि खासगी, दोन्ही शाळांची. जिथे कुणी नाही तिथे ‘नाही’ लिहा, आणि पुढच्या रकान्यात नेमणुकीची तारीख.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, डोंबिवली