हौसेची सायकल, पाळीची सायकल

पन्हाळ्याचा चढ सर करून आलेले सायकलपटू रंकाळ्याच्या काठी विसावले की बोलणे सायकलींवर येते. सांगाडा कार्बनचा की ॲल्युमिनियमचा, शिमानोचे गिअर कोणत्या श्रेणीचे, नव्या चाकांनी वजन किती घटले! शर्यतीची सायकल ६.८ किलोंहून हलकी नसावी, असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम २००० सालापासून आहे. हौशी मंडळींना तोही जाचक वाटावा, अशी ही चुरस.

या हौसेत वावगे काही नाही. यंत्राची पारख फौंड्र्यांच्या कोल्हापूरला नवी नव्हे. परंतु मोटारसायकल न परवडणारा कंत्राटी कामगारही शिरोलीला, गोकुळ शिरगावला सायकलनेच जातो. मुठीला डबा अडकवून, पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेने, अवजड वाहने चुकवीत. त्याच्या सायकलीच्या वजनाची चर्चा होत नाही. त्याच्या जिवाचीही होत नाही.

खड्डा दोघांनाही सारखाच कळतो. फरक आहे तो आवाजाचा. हौशी सायकलपटूंमधील डॉक्टर, वकील, उद्योजक यांचे म्हणणे महापालिका ऐकून घेते. कंत्राटी कामगाराला तेथे कोणी विचारीत नाही. म्हणून सायकलमार्गाची मागणी या मंडळींनी रंकाळ्याच्या फेरीपुरती न ठेवता कारखान्याच्या फाटकापर्यंत न्यावी. रात्रपाळी संपवून निघालेला सायकलस्वार सुखरूप घरी पोचेल, त्या दिवशी या शहराला सायकलप्रेमी म्हणवून घेता येईल.