व्यापाराचा लाभ आणि भरपाईचा प्रश्न

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी मे २०२४ मध्ये उठली. पण निर्यात शुल्काचा शेवटचा अंश जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडावे लागले. बंदी येताच शहरी ग्राहकाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. एकाच निर्णयाने एकाला दिलासा मिळावा आणि दुसऱ्याचे कंबरडे मोडावे, हे कसे घडते? आंतरराष्ट्रीय व्यापार आणि आर्थिक विषमता यांच्या नात्याचे मर्म या प्रश्नात आहे.

इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालचे मद्य यांचे उदाहरण घेऊन रिकार्डोने १८१७ मध्ये दाखवून दिले की, व्यापाराने उभय देशांचा लाभ होतो. हा सिद्धान्त आम्ही वर्गात आजही शिकवतो आणि तो खोटा नाही. परंतु देशाचा लाभ म्हणजे देशातील प्रत्येकाचा लाभ नव्हे. देशात जो उत्पादन घटक विपुल असतो त्याचा मोबदला खुल्या व्यापाराने वाढतो आणि जो दुर्मिळ असतो त्याचा घटतो, असे स्टॉल्पर आणि सॅम्युएलसन यांनी १९४१ मध्ये सिद्ध केले. मग व्यापार इष्ट कसा म्हणावा? याचे उत्तर कॅल्डॉर आणि हिक्स यांनी १९३९ मध्येच दिले होते. ज्यांना लाभ झाला त्यांनी हानी झालेल्यांची भरपाई करूनही त्यांच्या हाती काही उरत असेल, तर तो बदल इष्ट मानावा, ही त्यांची कसोटी. मेख अशी की, भरपाई शक्य असली म्हणजे पुरे. ती प्रत्यक्षात दिलीच पाहिजे असे ही कसोटी म्हणत नाही.

न दिलेल्या भरपाईचे काय होते, हे अमेरिकेने दाखविले. आयातीमुळे रोजगार गमावणाऱ्या कामगारांना साहाय्य देण्याची योजना तेथे १९६२ मध्ये, केनेडींच्या कारकिर्दीत कायद्याने सुरू झाली. २००१ च्या अखेरीस चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि स्वस्त मालाचा लोंढा वाढला. ग्राहकाला वस्तू स्वस्त मिळाल्या. पण फर्निचर आणि कापडाच्या कारखान्यांवर जगणारी गावे ओस पडू लागली. कामगारांच्या हाती पडलेले साहाय्य मात्र तुटपुंजे होते आणि २०२२ मध्ये योजनेची मुदत संपून नवे अर्ज घेणेही थांबले. साचलेल्या असंतोषातून आयात शुल्काच्या भिंती उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या अनेक वस्तूंवरील शुल्क ५० टक्क्यांपर्यंत गेले, तेव्हा अमेरिकेतील त्या न फेडलेल्या देण्याचा भार तिरुपूरच्या शिलाई कामगारावर येऊन पडला.

आपल्याकडे श्रम विपुल. तेव्हा सिद्धान्ताप्रमाणे १९९१ नंतरच्या खुल्या धोरणाने सामान्य श्रमिकाचे वेतन सर्वांत आधी वाढावयास हवे होते. दारिद्र्य घटले, हे नाकारता येणार नाही. परंतु आपली निर्यात विशेषत्वाने वाढली ती संगणक सेवा, औषधे आणि पेट्रोलियम पदार्थ यांची; म्हणजे जेथे भांडवल आणि उच्च शिक्षण अधिक लागते आणि हात कमी लागतात, अशा क्षेत्रांत. ‘वर्ल्ड इनिक्वॉलिटी लॅब’च्या अभ्यासकांच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला. याचे सारे खापर व्यापारावर फोडणे अन्यायाचे होईल. करव्यवस्था आणि शिक्षण यांचाही त्यात वाटा आहे. पण व्यापार ही दरी आपोआप बुजवील, ही आशा फोल ठरली एवढे खरे.

कांद्याच्या बाबतीत व्यापाराचे दार उघडले नव्हते, बंद केले होते. न्याय मात्र तोच. लाभ ग्राहकाचा, झळ उत्पादकाची आणि भरपाई कागदावरही नाही. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो. डिसेंबरात येणारा लाल कांदा टिकत नाही. मिळेल त्या भावाने तो विकण्यावाचून शेतकऱ्याला गत्यंतर नसते. परदेशी ग्राहक एकदा दुसरीकडे वळला की लगेच परत येत नाही, हे नुकसान वेगळेच. शिवाय निर्यात शुल्कातून जे उत्पन्न आले ते केंद्राच्या तिजोरीत गेले, कांदा पिकविणाऱ्याच्या पदरात नव्हे.

येथे आपण पगारदारांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. भाव वाढले की निर्देशांकानुसार आपला महागाई भत्ता वाढतो. भरपाईचे तत्त्व आपल्यासाठी केव्हाच मान्य झालेले आहे. ते ना शहरातल्या हातगाडीवाल्याला लागू, ना निफाडच्या कांदा उत्पादकाला. त्या हातगाडीवाल्यासाठी भाव आवाक्यात ठेवणे सरकारचे कर्तव्यच आहे. परंतु त्याचा खर्च साऱ्या समाजाने उचलावा, एकट्या शेतकऱ्याने नव्हे.

म्हणून मागणी साधी आहे. निर्यातीवर बंदी वा शुल्क लादण्याचा अधिकार सरकारने ठेवावा. पण ज्या कलमाने तो वापरला जाईल त्याच कलमात उत्पादकाला भावातील फरक देण्याची जबाबदारी लिहिलेली असावी. शुल्काचे उत्पन्न त्यासाठी राखून ठेवावे. भरपाईची किंमत आधीच मोजावी लागली, तर दार उघडताना वा लावताना सरकार दोनदा विचार करील. व्यापाराचा लाभ खरा आहे. पण ज्याच्या नुकसानीवर तो उभा राहतो त्याचे देणे चुकते झाल्यावाचून त्याला देशाचा लाभ म्हणता येणार नाही.